हिशेबाची वही : फुकटचा माल आणि गाडीभाडं



गेल्या वेळी आपण गृहकर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मांडला होता. या वेळचा हिशेब आमच्या घरातलाच आहे. तो मांडू की नको, असं दोन-तीनदा वाटलं. पण भाचा म्हणाला, ‘मामाजी, लिहा. माझ्यासारखे अजून दहा जण असतील.’ म्हणून लिहितो.

भाऊबीजेला ताई, भाऊजी आणि भाचा नागपूरहून वारासिवनीला आले. ओवाळणं झालं, फराळ झाला. मग भाच्याने गाडीतून एक जड पिशवी आणून ओसरीवर ठेवली. आत हिरवट-करडे, काचेसारखी धार असलेले दगड होते. ताईला वाटलं, बागेत मांडायला आणले असतील.

‘मामाजी, हा स्लॅग. बालाघाटकडे एका फेरो-अलॉय भट्टीमागे डोंगर पडलाय याचा. मालक म्हणतो, पाहिजे तेवढा घेऊन जा. फुकट!’

भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. तीन वर्षं एका ठेकेदाराकडे काढली, आता स्वतःचं काही करायचं आहे. बेत असा की वारासिवनीत आमच्या शेताच्या कडेला शेड टाकायचं आणि या स्लॅगचे पेव्हर ब्लॉक काढायचे. मशीन, मिक्सर, साचे, शेड मिळून बारा लाख. ते येणार कुठून? भाऊजींच्या निवृत्तीच्या पैशातून. भाऊजींनी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. ताई मात्र स्पष्ट बोलली, ‘तू तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जाची कागदं तपासलीस. आता घरचा कागद तपास.’

मी वही काढली. पण आकड्यांआधी, हा स्लॅग म्हणजे काय ते थोडं बघू.

आपण बालाघाट जिल्ह्यातले लोक मँगनीजच्या शेजारीच वाढलो. भरवेलीची खाण बालाघाट शहराला लागूनच आहे. उकवा, तिरोडी ही नावं लहानपणापासून कानावर. मॉइल ही कंपनी १९६२ मध्ये सरकारी भागीदारीत आली आणि १९७७ मध्ये पूर्ण सरकारी झाली. तिचं मुख्यालय नागपूरला आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या घरांतले कितीतरी जण तिच्या पगारावर शिकले. या मँगनीजचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे पोलाद कारखाने. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. खनिज भट्टीत वितळवलं की धातू खाली बसतो आणि दगड-मातीचा अंश चुन्याबरोबर वितळून वर तरंगतो. हा वरचा मळ म्हणजेच स्लॅग. लोखंडाच्या झोतभट्टीत एक टन लोखंडामागे आपल्या देशात साधारण साडेतीनशे-चारशे किलो स्लॅग निघतो. त्या लोखंडाचं पोलाद करताना टनामागे आणखी दीड-दोनशे किलो.

म्हणजे माल भरपूर आहे, भाच्याचं काही चुकलं नाही. पण सगळा स्लॅग सारखा नसतो, आणि पैशाची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

झोतभट्टीतून तापलेला स्लॅग बाहेर येताना त्याच्यावर पाण्याचा जोरदार मारा केला, तर तो क्षणात थिजतो आणि रेतीसारखे काचेचे दाणे होतात. या दाण्यांची भुकटी चुन्याबरोबर मिसळली की ती सिमेंटसारखी घट्ट होते. जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये हा गुण दाखवून दिला. तोच स्लॅग खड्ड्यात ओतून आपोआप निवू दिला तर त्याचा नुसता दगड होतो. मग तो गिट्टी म्हणून वापरायचा, एवढंच. भट्टी तीच आणि मळही तोच, पण पाण्याच्या माऱ्याने एकाचं सिमेंट होतं आणि तो नसला तर दुसऱ्याची गिट्टी.

आपल्याजवळचं उदाहरण भिलाईचं. ४ फेब्रुवारी १९५९ ला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. सहाच वर्षांनी, १९६५ मध्ये, तिथून हाकेच्या अंतरावर जामुलला एसीसीचा सिमेंट कारखाना उभा राहिला, भिलाईचा स्लॅग वापरणारा. आपल्यातल्या कित्येकांचे काका-मामा भिलाईत नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरच्या मागे मोठा भोंगा वाजायचा, एवढं आपल्याला आठवतं. पण त्या भट्टीचा मळ आपल्या घराच्या भिंतीत येऊन बसला असेल, हे डोक्यात येत नाही. सिमेंटच्या पोत्यावर ‘पोर्टलँड स्लॅग सिमेंट’ आणि ‘आय.एस. ४५५’ असं छापलेलं दिसलं, तर त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असतो.

सिमेंटवाल्याला हे का परवडतं? सिमेंटमधला सगळ्यात महाग भाग म्हणजे क्लिंकर. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते, ती जाळायला कोळसा लागतो, आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन वायू हवेत जातो. स्लॅग या महाग क्लिंकरची जागा घेतो. म्हणून त्याला भाव आहे, आणि म्हणूनच दाणेदार स्लॅग आता फुकट मिळत नाही. तो रीतसर विकला जातो.

भाचा लगेच म्हणाला, ‘पण मामाजी, पोलादाच्या स्लॅगचे रस्ते पण झालेत ना. सुरतेला झाला, मुंबई-गोव्याला झाला.’

झालेत. जून २०२२ मध्ये सुरतेजवळ हजीऱ्याला सहा पदरी रस्त्याचा किलोमीटरभराहून थोडा मोठा तुकडा पोलादाच्या स्लॅगवर बांधला गेला. सुमारे एक लाख टन स्लॅग त्यात गेला. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं त्याला तांत्रिक मार्गदर्शन होतं. मग जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा झाला. त्याला रायगडच्या डोलवी कारखान्यातला जवळपास ऐंशी हजार टन स्लॅग लागला. आता नकाशा उघडून बघा. हजीऱ्याचा रस्ता आणि पोलादाचा कारखाना एकाच गावात. डोलवी आणि तो महामार्ग एकाच जिल्ह्यात. जामुल भिलाईच्या कुशीत. यशाच्या या तिन्ही गोष्टींत मालाला लांब जावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे, तिथे तो स्लॅग ‘तयार केलेला’ होता. हे का महत्त्वाचं, ते मला घरातच कळलंय. माझ्या एका चुलतभावाने दुर्गकडे घर बांधलं. अंगण उंच करायला ठेकेदाराने स्वस्तातला भराव टाकला, कच्चा पोलादी स्लॅग, आणि वर फरशी बसवली. दोन पावसाळे गेले आणि फरशी फुगून वर आली. दार उघडेना. या स्लॅगमध्ये न मुरलेला चुना उरलेला असतो. पाणी लागलं की तो फुलतो. म्हणून आधी त्याला महिनोन् महिने उन्हापावसात मुरवावं लागतं किंवा वाफेने फुलवून घ्यावं लागतं, त्यातलं लोखंड चुंबकाने काढून घ्यावं लागतं, मग चाळणी. गिट्टी-रेतीसाठीचं आपलं मानक आय.एस. ३८३ हे २०१६ मध्ये सुधारलं. त्यात पोलादाच्या स्लॅगची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते, पण सळईच्या काँक्रीटमध्ये अजिबात नाही. झोतभट्टीच्या स्लॅगला मात्र सळईच्या काँक्रीटमध्येही २५ टक्के मुभा आहे. म्हणून ‘स्लॅग चांगला की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या भट्टीचा, कसा निववलेला आणि किती मुरलेला, हे आधी विचारावं लागतं.

भाच्याच्या पिशवीतला स्लॅग तर तिसऱ्याच जातीचा, मँगनीजच्या भट्टीचा. त्यातही गंमत आहे. फेरो-मँगनीज करताना जो स्लॅग निघतो त्यात पुष्कळ मँगनीज शिल्लक असतं, म्हणून तो पुन्हा सिलिको-मँगनीजच्या भट्टीत टाकतात. म्हणजे ज्यात दम आहे तो स्लॅग भट्टीवाला स्वतःच वापरतो. त्यानंतर जो उरतो, तो आपल्याला फुकट.

आता वहीतले आकडे. भाव रोज बदलतात, म्हणून सगळं ‘समजा’ धरून. आपापल्या गावचे आकडे घालून बघा, पद्धत तीच राहील.

समजा क्रशरची गिट्टी आपल्या शेडवर येऊन पडते ६०० रुपये टनाने. स्लॅग फुकट, पण तो फोडायला आणि चाळायला टनाला २००, चढवायला-उतरवायला १००. उरले ३००. ट्रकचं भाडं टनाला किलोमीटरमागे ४ रुपये धरलं, तर ३०० रुपयांत गाडी ७५ किलोमीटर जाईल. त्याच्या एक पाऊल पुढे गेली की फुकटचा स्लॅग विकतच्या गिट्टीपेक्षा महाग. म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या भिलाईहून स्लॅगची गिट्टी वारासिवनीला आणणं परवडणार नाही.

आता सिमेंटवाल्याचा हिशेब. समजा क्लिंकर त्याला टनाला ३५०० ला पडतो. दाणेदार स्लॅग १००० ला घेतला, वाळवायला-दळायला ५००. उरले २०००. त्याच भाड्याने गाडी ५०० किलोमीटर जाते, रेल्वेने तर आणखी लांब. टाकाऊ माल किती लांब जाऊ शकतो, हे त्याच्या स्वतःच्या किमतीवर ठरत नाही. तो ज्या मालाची जागा घेतो, त्याच्या किमतीवर ठरतं. क्लिंकरची जागा घेणारा पाचशे किलोमीटर जातो, गिट्टीची जागा घेणारा पंचाहत्तर.

भाचा म्हणाला, ‘आपला ढीग तर पंचवीस किलोमीटरवर आहे. म्हणजे परवडतं!’

हो, परवडतं. भाडं १००, फोडणं-चाळणं २००, चढ-उतार १००. एकूण ४००. गिट्टीपेक्षा टनाला २०० रुपये वाचतात. भाच्याचा चेहरा उजळला. मी म्हटलं, आता हे दोनशे रुपये एका ब्लॉकमध्ये किती होतात ते बघ. समजा ब्लॉक चार किलोचा, आणि त्यात एक किलो गिट्टीच्या जागी स्लॅग. हजार ब्लॉकला एक टन स्लॅग. म्हणजे हजार ब्लॉकमागे २०० रुपये. एका ब्लॉकमागे वीस पैसे.

ओसरीवर कोणी काही बोलेना.

ब्लॉक समजा चौदा रुपयांना विकतो. नव्या मालामुळे शंभरात फक्त दोन ब्लॉक जास्त फुटले, तर ब्लॉकमागे अठ्ठावीस पैसे गेले. वीस पैशांची बचत संपली आणि आठ पैसे खिशातून. बारा लाखांचा बेत ज्या ‘फुकट’ शब्दावर उभा होता, त्याची किंमत एवढीच होती. मी बँकेत असताना असे दोन-तीन कागद मंजूर केले होते, त्यातला एक बुडाला. तो मनुष्य कष्टाळू होता. त्याने कच्च्या मालाचा भाव बरोबर काढला होता. फुटतूट आणि उशिरा येणारी बिलं त्याने धरलीच नव्हती. कागदावर माझीही सही होती, म्हणून तो अजून आठवतो.

भाच्याने हार मानली नाही, हे मला आवडलं. त्याने विचारलं, ‘मग राखेच्या विटा कशा चालतात? तिरोड्याकडून राख येते, गोंदिया-भंडाऱ्याकडे एवढे कारखाने आहेत. राख तर गिट्टीपेक्षा हलकी.’

चांगला प्रश्न. राखेमागे कायदा उभा आहे. १९९९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, आणि औष्णिक वीजकेंद्राच्या ठरावीक अंतरातल्या वीटवाल्यांना राख वापरणं बंधनकारक झालं. हे अंतर पुढे वाढत गेलं. २०१६ च्या दुरुस्तीत ते ३०० किलोमीटर झालं, आणि पहिल्या १०० किलोमीटरचं गाडीभाडं वीजकेंद्राने द्यायचं, त्यापुढचं निम्मं-निम्मं, असं ठरलं. २०२१ च्या नव्या अधिसूचनेतही राख खपवण्याची जबाबदारी वीजकेंद्रावरच आहे. म्हणजे राखेच्या विटेचं गणित जुळतं त्यात गाडीभाडं कोण देतं याचा मोठा वाटा आहे. ज्याने कचरा केला त्याने तो पोचवायचा.

इथे मी भाच्याला विचारलं, ‘तो ढीग भट्टीवाल्याला फुकटात पडतो का रे?’ नाही. जागा अडते, लोडर लागतो, पावसात वाहून आला तर तक्रारी होतात. म्हणजे तू माल उचललास तर त्याचा खर्च वाचतो. मग तू ‘फुकट मिळतं’ म्हणून उपकार मानून का येतोस? त्याच्या वाचलेल्या खर्चातला वाटा माग.

आणखी एक गोष्ट वहीत मांडता येत नाही, तरी सांगतो. एक टन स्लॅग वापरला की डोंगर तेवढा कमी फुटतो. वैनगंगेची रेती कशी उपसली जाते, ते आपण पुलावरून जाता-येता बघतोच. हा फायदा खरा आहे, पण तो भाच्याच्या खात्यात जमा होत नाही. तो सगळ्या गावाच्या खात्यात जातो. गावाने, म्हणजे नगरपालिकेने किंवा सरकारने, निविदेत अशा मालाला जागा दिली तरच त्याचा वाटा करणाऱ्यापर्यंत पोचेल. तोवर ‘पर्यावरणासाठी चांगलं’ या शब्दांवर बापाची पुंजी लावायची नाही.

शेवटी भाऊजी बोलले. ‘बारा लाख नाही. पण मुलगा तीन वर्षं धूळ खातोय, त्याला नाही म्हणून घरी बसवणारही नाही. आधी लहान प्रयोग कर. माझ्या वर्गात मी हेच सांगत आलो.’

ठरलं असं. शेड नाही, मशीन नाही. ओळखीच्या एका ब्लॉकवाल्याचं मशीन मंदीच्या महिन्यांत भाड्याने घ्यायचं. स्लॅगचा नमुना नागपूरला तपासायला द्यायचा. सगळा खर्च सव्वा लाखाच्या आत. भाचा भट्टीवाल्याकडे पुन्हा गेला आणि या वेळी उपकार न मानता बोलला. गाडीभाडं काही मिळालं नाही, पण त्याच्या लोडरने गाडी भरून द्यायचं कबूल झालं. टनाला साठ रुपये सुटले. ब्लॉकमागे सहा पैसे! ताई हसली, पण भाच्याने ते वहीत लिहून ठेवलं.

तपासणीचा कागद बरा आला. ब्लॉक निघाले. त्याने स्लॅग सिमेंट वापरून बघितलं. ते सुरुवातीला हळू धरतं, म्हणून जास्त दिवस पाणी मारावं लागलं आणि माल तेवढे दिवस अंगणात अडकला. तेवढे दिवस पैसाही अडकतो, हे त्याला न सांगता कळलं. त्यातले दीडशे ब्लॉक आमच्या घरापुढे, नळाजवळ बसवलेत, जिथे पाणी सतत सांडतं आणि ट्रॅक्टरही वळतो. चुलतभावाची फरशी मी विसरलेलो नाही. एक पूर्ण पावसाळा हे ब्लॉक न फुगता, न फुटता राहिले, तर पुढच्या दिवाळीत मशीनचं बोलू. हे मी भाच्याला सांगितलंय आणि भाऊजींनाही.

तरुण मंडळी, तुमच्यातले कितीतरी जण भिलाई, जमशेदपूर, पुण्यात आहात, काही तर परदेशात. ‘कचऱ्यातून सोनं’ असे बेत तुमच्याही समोर येतील, प्लॅस्टिकचे, राखेचे, भाताच्या कोंड्याचे. आमच्या वारासिवनीत राइस मिल कमी नाहीत, त्यामुळे कोंड्याचा बेत घेऊन तर दर वर्षी कोणीतरी येतं. तेव्हा एवढंच विचारा. हा माल कशाची जागा घेतो आणि ती वस्तू किती महाग आहे? तो किती लांबून येणार? आणि गाडीभाडं कोण देणार? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर आली की मग पुढे जा. न आली, तर वडिलांच्या खात्याला हात लावू नका.

आणि हो, घरी सिमेंटचं पोतं आलं तर रिकामं झाल्यावर फेकण्याआधी त्यावरचं वाचा. कदाचित कुठल्यातरी भट्टीवरून आलेला पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला असेल.

नळाजवळच्या दीडशे ब्लॉकचं काय झालं, ते पावसाळ्यानंतर याच वहीत लिहीन. चांगलं झालं तरी, आणि नाही झालं तरी.

भेटू पुढच्या अंकात.